शेवटचं कोणी वापरलं?

चपलेवर बुरशी नव्हती.

मिरजेचा पावसाळा सरता सरता बंद कपाटातल्या चामड्यावर काय उगवतं, हे मला चांगलं माहीत होतं. आधी पांढुरके ठिपके, मग त्यांच्या मधोमध हिरवट भुकटी, आणि बघता बघता सगळीकडे मखमलीसारखा थर. त्याच कपाटात, त्याच फळीवर कमरेचा एक पट्टा गुंडाळून ठेवलेला होता, त्याच्यावर तो थर होता. शेजारच्या पाकिटाचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. आणि दोन्हींच्या मधे ही कोल्हापुरी चपलांची जोडी. मी अंगठ्यानं तळ दाबून पाहिला. मऊ होता. वाकवली तर चप्पल वाकली, करकरलीसुद्धा नाही. शिवणीच्या खाचांतही काही नव्हतं.

"मृदुला, आरोपीला हजर करा!" पुढच्या व्हरांड्यातून अरविंद ओरडला आणि त्यानं लाटणं स्टुलावर आपटलं.

"मोडशील ते लाटणं," सासूबाई म्हणाल्या. "मग त्याच्यावरच खटला भरावा लागेल."

रेवती हसली. मी चपला हातात घेऊन कपाटापाशी तशीच उभी राहिले.

चपला माझ्या थोरल्या दिरांच्या होत्या. माझा नवरा अरविंद त्यांना दादा म्हणायचा, म्हणून मीही दादा म्हणायचे. पण मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. माझं लग्न होण्याच्या काही वर्षं आधी, एका सकाळी कॅनव्हासचे बूट घालून ते कृष्णेच्या घाटाकडे फिरायला गेले आणि परत आले नाहीत. नदीत शोधलं, स्टेशनवर विचारलं, पेपरात फोटो दिला. काही हाती लागलं नाही. फिरायला जाणारा माणूस जे जे घरी ठेवून जातो, ते सगळं मागच्या बोळातल्या या लोखंडी कपाटात होतं. किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला. ते कपाट कोणी उघडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मीही पहिल्यांदाच उघडत होते.

कोर्टाचा खेळ रेवतीनं काढला होता. रेवती दादांची मुलगी, तेव्हा अकरावीत. त्या वर्षी माळ्यावर वाळवी निघाली. औषध फवारणाऱ्यानं सांगून टाकलं, आधी घर मोकळं करा, या पसाऱ्यावर फवारणं म्हणजे वाळवीला आंघोळ घालणं. नवरात्राच्या आत आवरायला हवं होतं. पहिल्या रविवारी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आणि अरविंदनं एका टवका उडालेल्या बरणीवरून असं भांडण काढलं की दोघंही जेवले नाहीत, आणि बरणी होती तिथंच राहिली.

पुढच्या रविवारी रेवतीनं व्हरांड्यात स्टूल मांडलं, अरविंदच्या खांद्यावर काळी ओढणी टाकली आणि त्याला न्यायाधीश केलं. नियमही तिनंच केले. प्रत्येक वस्तू आरोपी. तिच्याबद्दल पहिला प्रश्न एकच: शेवटचं कोणी वापरलं? वर्षभरात वापरणारा माणूस उभा राहिला, तर वस्तू निर्दोष, घरात परत. कोणीच उभं राहिलं नाही तर तिला वकील लागायचा. पण आपल्या वस्तूची वकिली आपण करायची नाही, दुसऱ्यानं करायची. खटला हरला की वस्तू पोत्यात.

या वकिलीच्या नियमानं घर बदललं. आईंच्या पितळी सोऱ्यासाठी मला भांडावं लागलं, आणि भांडता भांडता कळलं की मला त्याच्यातली शेव आवडते. अरविंदच्या एन.सी.सी.च्या बुटांसाठी आई पदर खोचून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "महाराज, या बुटांनी आजवर मुंगीसुद्धा चिरडलेली नाही. घालणारा परेडला जायचाच नाही." बूट पोत्यात गेले आणि अरविंदसुद्धा हसला. मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जंतूंच्या तपासण्या करायचे. माझी एक जुनी खरवडलेली काचपट्ट्यांची पेटी होती, तिची वकिली वहिनींनी केली. रविवार कधी येतो याची आम्ही वाट पाहायला लागलो. शेजारच्या बाई कुंपणावरून विचारायच्या, "आज कुणाला फाशी?"

वहिनी म्हणजे दादांची बायको. कुंदावहिनी. मिशनच्या बाजूच्या एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर होत्या. घरात कमी बोलायच्या, पण कोर्टात उभ्या राहिल्या की त्यांचा आवाज बदलायचा. हा आवाज मी आधी एकदाच ऐकला होता. काही नमुने आणायला मी त्यांच्या वॉर्डात गेले होते, तेव्हा त्या शिकाऊ मुलींना जखम कशी बांधायची ते दाखवत होत्या. दारातच थांबून मी ऐकत राहिले होते. एका मुलीची पट्टी सैल झाली, तर वहिनी म्हणाल्या, "परत. रुग्णाला तुझ्या हाताची भीती वाटते आहे, तुला नाही." ती मुलगी लाल झाली आणि मग हसली. दुसऱ्या वेळी तिनं पट्टी नीट बांधली.

रत्नागिरीला नर्सिंगची नवी शाळा निघत होती आणि मेट्रनबाईंनी शिकवण्यासाठी वहिनींचं नाव सुचवलं होतं. याआधी दोन वेळा अशी संधी आली होती, दोन्ही वेळा वहिनी नाही म्हणाल्या होत्या. पहिल्यांदा रेवती लहान आहे म्हणून, दुसऱ्यांदा आई थकल्या म्हणून. आता रेवती स्वतःच मागे लागली होती.

"आई, जा ना गं. मी सुट्टीत येईन. समुद्र बघायला मिळेल मला."

"बघू," वहिनी म्हणायच्या.

"परवा सांगायचंय ना मेट्रनबाईंना? सोमवारी?"

"म्हटलं ना, बघू."

मेट्रनबाईंनी या वेळी स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारी हो किंवा नाही, आणि पुन्हा विचारणार नाही. तो रविवार, म्हणजे चपलांचा रविवार, त्याच्या आदला दिवस होता.

पितृपक्ष चालू होता. आठवड्यापूर्वी सासऱ्यांचं श्राद्ध झालं, तेव्हा गुरुजींनी जाताना अरविंदला बाजूला घेऊन विचारलं होतं, थोरल्याला आता बारा वर्षं होत आली, पळसाच्या पानांचा देह करून विधी करता येतो, काही ठरवलंत का? आईंनी ते आतून ऐकलं. "पानांचा माणूस करून जाळा म्हणतो," त्या म्हणाल्या, "आणि दक्षिणा घेऊन गेला." त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

रविवारी दुपारपर्यंत सगळं घर उरकलं होतं. फक्त बोळातलं कपाट राहिलं होतं. अरविंदनं ओढणी काढायला घेतली.

"झालं. न्यायालय बरखास्त."

"ते कपाट?" वहिनींनी विचारलं.

सगळे थांबले. वहिनी रात्रपाळी करून आल्या होत्या, दोन तास झोपून उठल्या होत्या. केस ओले होते.

"ते लोखंडी आहे," आई म्हणाल्या. "त्याला कसली वाळवी?"

"आतल्या फळ्या लाकडी आहेत."

"राहू दे की गं, कुंदा."

"काढू द्या, आई. खेळच आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मृदुला, तू आण. तू कधी उघडलेलं नाहीस ना?"

"नाही."

"मग तूच आण."

मला ते तेव्हा विचित्र वाटलं नाही. आपण ज्या माणसाला पाहिलेलं नाही, त्याच्या वस्तू आपल्याला जड जाणार नाहीत, असा त्याचा अर्थ मी लावला.

तर मी चपला घेऊन व्हरांड्यात आले आणि स्टुलासमोर जमिनीवर ठेवल्या. कोणी हसलं नाही.

अरविंदनं घसा साफ केला. "आरोपी... कोल्हापुरी चपला. शेवटचं कोणी वापरलं?"

कुंपणावर एक कावळा बसला होता. पितृपक्षात ते जास्त धीट होतात. आईंनी त्याला हाकललं, नुसताच हात हलवून.

"कोणी नाही," अरविंद घाईनं म्हणाला. "वकील कोण?"

"एक मिनिट," मी म्हणाले. "यांच्यावर बुरशी नाही."

"मग चांगलंच आहे की."

"शेजारच्या पट्ट्यावर आहे. पाकिटावर आहे. तेच चामडं, तीच फळी, तीच हवा. चामडं नुसतं पडून असेल तर त्याला बुरशी येते आणि ते कडक होतं. हे मऊ आहे." मी चप्पल उचलून वाकवून दाखवली. "कोणीतरी हाताळतंय."

"काकू, लॅब नको ना," रेवती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"पुढचं आण," वहिनी म्हणाल्या.

मी परत बोळात गेले. तिथं दुपारीसुद्धा उजेड कमी असायचा. कपाटाचं दार अर्धवट लोटलेलं होतं. त्याच्याजवळ गेल्यावर मला ऐकू आलं. आधी मला वाटलं वाळवीच आहे. शांत खोलीत लाकडाला कान लावला तर वाळवीची टकटक खरंच ऐकू येते. पण हा आवाज फार नियमित होता. वरच्या फळीवर, घडी घातलेल्या रुमालावर मनगटी घड्याळ होतं, किल्लीचं. काटे बरोबर वेळ दाखवत होते. माझ्या स्वतःच्या घड्याळाशी मी ताडून पाहिलं. किल्लीचं घड्याळ एकदा भरलं की फार तर दीड दिवस चालतं.

घड्याळाशेजारी दाढीचा डबा होता. मी झाकण उघडलं. ब्रशचे केस ओले होते. बुडाशी फेसाचा थोडा पांढरा अंश राहिला होता, अजून ओलसर. आजचाच.

मी मागे वळून मागच्या दाराकडे पाहिलं. कडी आतून लागलेली होती. घरात आम्ही पाच माणसं होतो आणि पाचही जणांचा आवाज, हालचाल मला माहीत होती. ज्याचा चेहरा मी फक्त हार न घातलेल्या एका फोटोत पाहिला होता, तो माणूस या बोळात सकाळी दाढी करत होता, असं त्या वस्तू सांगत होत्या. वस्तू खोटं बोलत नाहीत, असं आम्हाला शिकवलेलं.  मी घड्याळ आणि ब्रश उचलले आणि जरा जास्तच वेगानं बाहेर आले.

एक परात ओढून तिच्यात तिन्ही वस्तू मांडल्या. व्हरांड्यातल्या शांततेत घड्याळ आता सगळ्यांना ऐकू येत होतं.

"चालू आहे," मी म्हणाले. "आणि ब्रश ओला आहे."

अरविंदनं लाटणं खाली ठेवलं. "पुरे करू या हे."

"का?" वहिनी म्हणाल्या. "नियम आहे ना. विचारा, भाऊजी."

"वहिनी..."

"विचारा."

अरविंदनं माझ्याकडे पाहिलं, मग परातीकडे. "शेवटचं कोणी वापरलं?" तो म्हणाला, आणि ते इतकं हळू होतं की न्यायाधीशाचं वाटलं नाही.

कोणी उभं राहिलं नाही.

मी वहिनींकडे पाहत होते. भीती दिसेल असं मला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा उजळत होता. गालांवर रंग चढला होता, ओठ थोडे उघडे होते, स्टेशनवर गाडी दिसल्यावर माणूस जसा पुढे झुकतो तशा त्या पुढे झुकल्या होत्या. जितका वेळ कोणी बोलत नव्हतं, तितका त्यांचा चेहरा जास्त तरुण होत होता. ते पाहून मला परातीतल्या वस्तूंपेक्षा जास्त भीती वाटली.

"घड्याळ मी," रेवती म्हणाली.

वहिनींनी मान वळवली.

"किल्ली मी देते." रेवती आपल्या नखांकडे पाहत होती. "रोज. कॉलेजला जायच्या आधी. बाबा मला द्यायला सांगायचे ना लहानपणी? त्यांच्या मनगटावर असतानाच. मी... मी बंद केलं नाही."

"कधीपासून?"

"बंदच केलं नाही ना, आई."

"मग आधी का नाही उभी राहिलीस?"

"तुला रडू येईल वाटलं."

वहिनींना रडू आलं नाही.  मग त्यांनी अरविंदकडे पाहिलं, आणि तो त्या नजरेपुढे स्टुलावरून उठला. काळी ओढणी अजून त्याच्या खांद्यावर होती.

"ब्रश माझा," तो म्हणाला. "म्हणजे दादाचा. रविवारी वापरतो मी. परत धुऊन ठेवतो."

"तुझ्याकडे तुझा आहे की," आई म्हणाल्या.

"आहे." तो माझ्याकडे बघेना. माझ्या नवऱ्याबद्दल मला हे माहीत नव्हतं. "तोंडाला पूर्ण फेस लावला ना, की आरशात दादा दिसतो. फक्त डोळे आणि कपाळ राहतं, ते आमचं सारखं आहे. थोडा वेळ तसाच उभा राहतो मी. मग करतो दाढी."

रेवतीनं तोंडावर हात धरला. हसायला आलं होतं की दुसरं काही, ते तिलाही कळलं नसावं.

राहिल्या चपला. मी त्या पुन्हा उचलून उलट्या केल्या. बोटांना किंचित चिकट लागलं. मी नाकाशी नेलं. मघाशी कपाटातल्या कुबट वासात मला कळलं नव्हतं. एरंडेल.

"आई," मी म्हणाले.

"हो, हो, मी," आई एकदम चिडून म्हणाल्या. "काय गुन्हा केला? दर अमावास्येला तेल लावते. गावाला गेलेल्या माणसाच्या चपला वाळू द्यायच्या नाहीत, माझी आई सांगायची. वाळल्या की त्याला वाट सापडत नाही. तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही कधी. पोरगा माझा आहे."

"कोण हसतंय, आई?" अरविंद म्हणाला.

"मला काय माहीत तुम्ही सगळे तेच करताय म्हणून!"

आणि खरोखरच कोणाला माहीत नव्हतं. त्या एका कपाटापाशी तीन माणसं आपापल्या वेळेला, बाकीच्यांची चाहूल घेऊन, पायांचा आवाज न करता जात होती. आईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या थोड्या सुखावल्यासारख्याही दिसत होत्या. अरविंदनं रेवतीच्या डोक्यावर टपली मारली. क्षणभर मला वाटलं, झालं, खेळ संपला, आता कोणीतरी चहा टाकेल.

"लाडू?" वहिनींनी विचारलं.

त्यांचा चेहरा आता विझला होता. म्हातारा नाही, पण रात्रपाळी करून आलेल्या बाईचा.

"कसला लाडू?" आई म्हणाल्या.

"रात्रपाळीला जाताना मी ओट्यावर वाटीखाली झाकून ठेवते. रव्याचा, नाहीतर काहीतरी गोड. सकाळी वाटी रिकामी असते. धुऊन पालथी घातलेली."

अरविंदचा हात रेवतीच्या डोक्यावरच राहिला. "वहिनी, तो... मला वाटायचं तुम्ही मला ठेवता."

"तुम्हाला?"

"लहानपणापासून तुम्ही मला ठेवायचात ना, लग्न होऊन आलात तेव्हापासून. म्हणून मी वाटीसुद्धा धुवायचो."

वहिनींनी मान हलवली, जणू एखाद्या रुग्णाचा ताप टिपून घेत होत्या. मग त्या बोलायला लागल्या. आवाज वॉर्डातला नव्हता आणि घरातलाही नव्हता.

"मी रात्रपाळी करून यायचे. तुम्ही सगळे झोपलेले असायचात, नाहीतर आपापल्या कामात. मी आधी वाटी बघायचे. मग या कपाटाला कान लावायचे. घड्याळ चालू असायचं. कधी दार उघडून बघायचे, ब्रश ओला असायचा. चपला अशा असायच्या, आत्ताच काढून ठेवल्यासारख्या. मी कधी हात लावला नाही. वाटायचं, हात लावला तर त्यांना कळेल की मला कळलंय. मग यायचे थांबतील."

"आई," रेवती म्हणाली.

"थांब. मला वाटायचं, काहीतरी झालंय त्यांचं, लोकांसमोर येता येत नाही. मी नसते तेव्हा येऊन जातात. चिडले असतील माझ्यावर, म्हणून मी नसते तेव्हाच. पण येतात. मग मी घर सोडून कशी जाऊ? रत्नागिरीला जाऊन बसले आणि इकडे वाटी ठेवायला कोणी नसलं तर?" त्या थोडं हसल्या. "तू लहान होतीस ते खोटं. आई थकल्यात तेही खोटं. आई कुठं थकल्यात, अजून सोरा दाबून घाणा काढतात. मला जायचं होतं. दोन्ही वेळा मला इतकं जायचं होतं की मी पोट दुखतं म्हणून रजा टाकली होती."



"आज मी म्हटलं, विचारू दे कोर्टाला. मला खात्री होती, कोणी उभं राहणार नाही. एकदा सगळ्यांसमोर कळलं, की मग सोमवारी नाही म्हणून सांगायचं, आणि पुन्हा त्याचा विचारसुद्धा करायचा नाही. इतकं सोपं होतं."

घड्याळ चालू होतं. रेवतीनं हात पुढे केला, बहुतेक ते थांबवायला, पण किल्लीचं घड्याळ असं थांबवता येत नाही. तिनं ते फक्त मुठीत घेतलं आणि आवाज कमी झाला.

मला वाटलं वहिनी आता उठून आत जातील. पण त्या बसून होत्या आणि काहीतरी आठवत होत्या. कपाळावर आडवी आठी पडली होती.

"आणि पलंग?" त्यांनी विचारलं.

"कसला पलंग?" अरविंद म्हणाला.

"माझा. जाताना मी चादर ताणून घालून जाते. सकाळी येऊन आडवी पडते तेव्हा भिंतीकडची बाजू गरम असते. नेहमी नाही. पण असते." त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "रेवती, तू?"

"मी आजीजवळ असते, आई. दार तू बाहेरून ओढून घेतेस."

"आई?"

"माझा पाय वर उचलत नाही त्या पलंगावर. आणि तुझ्या खोलीत मी कशाला?"

"भाऊजी?"

"काहीतरीच काय, वहिनी!"

त्यांची नजर माझ्यावर आली. मी मान हलवली. माझ्या डोक्यात तोवर सगळं फिरून झालं होतं. ती खोली पश्चिमेची, सकाळचं ऊन तिथं पोचत नाही. त्या भिंतीतून पाण्याचा नळ जात नाही, पलीकडे चूल नाही, मोकळी जागा आहे. आमच्याकडे मांजर नव्हतं, आणि खिडकीला बारीक जाळी होती. रात्रपाळीनं थकलेल्या शरीराला गार चादरसुद्धा उबदार वाटू शकते, हे मी म्हणू शकले असते. पण वहिनींचे हात दिवसभर लोकांचा ताप पाहायचे. गरम कशाला म्हणतात ते त्यांना विचारूनच आम्ही थर्मामीटर लावायचो.

"कोणी नाही?" त्या म्हणाल्या.

कोणी उभं राहिलं नाही.

या वेळी त्यांचा चेहरा उजळला नाही. मी अगदी लक्ष देऊन पाहत होते. त्यांनी मान किंचित घराच्या आत वळवली, जिथून बोळ आणि त्यांच्या खोलीचं ओढलेलं दार दिसत होतं. बराच वेळ तिकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. आत काहीच हललं नाही, पण मला सांगता येणार नाही की आम्ही कशाची वाट पाहत होतो. आईंनी माझं मनगट धरलं होतं, ते मला नंतर कळलं.

"असू दे," वहिनी म्हणाल्या. आमच्याशी नाही, आत बघूनच, पण मोठ्यानं. वॉर्डातल्या त्या आवाजात, जो शेवटच्या खाटेपर्यंत पोचायचा. "असाल, तर असा. मी उद्या मेट्रनबाईंना हो म्हणून सांगणार आहे. मी रत्नागिरीला जाते."

"अगं, जाते म्हणू नये," आईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.  "येते म्हण, कुंदा. येते म्हणावं."

वहिनी उठल्या. साडीच्या निऱ्या हातानं सारख्या केल्या.

"नाही, आई," त्या म्हणाल्या. "जाते."